अपुऱ्या दिवसांचे बाळ, अपुरी हाडे

सात आठवडे इस्पितळात काढून नात घरी आली, तेव्हा घरात सणासारखा उत्साह होता. आजीने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. आतल्या खोलीत पाट मांडलेला होता, तेलाची वाटी कोमट करून ठेवली होती आणि पलीकडच्या गल्लीतून खास बोलावलेल्या मालीशवाल्या मावशी पदर खोचून तयार होत्या.

"सातव्या महिन्यातलं बाळ, हाडं कच्चीच असणार. महिनाभर चांगलं रगडून काढते, मग बघा कशी गुटगुटीत होते ते," मावशी म्हणाल्या.

सुनेच्या हातात इस्पितळातून मिळालेला कागद होता. त्यावर डॉक्टरांनी ठळक अक्षरांत लिहिले होते: जोराचे मालीश करू नये, लंगोट बदलताना दोन्ही पाय धरून उचलू नये, ड जीवनसत्त्वाचे थेंब आणि कॅल्शियम-फॉस्फेटचे औषध न चुकता द्यावे, तीन आठवड्यांनी रक्ततपासणीला आणावे.

"आई, डॉक्टरांनी मालीशला नको म्हटलंय," ती हळूच म्हणाली.

"अगं, मी चार मुलं वाढवली. एकाचंही हाड कधी मोडलं नाही!" सासूबाईंचा आवाज चढला.

सासूबाई खोटे बोलत नव्हत्या. पण त्यांची चारही मुले पूर्ण दिवसांची होती. ही नात २९ आठवड्यांची, अवघ्या ११५० ग्रॅम वजनाची जन्मली होती. या दोन गोष्टींत किती फरक आहे, हे त्या घरात कोणालाच नीट ठाऊक नव्हते. असे प्रसंग आज अनेक घरांत घडतात. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या हाडांची ही गोष्ट आईवडिलांनीच नव्हे, तर आजी-आजोबांनीही समजून घ्यायला हवी.

शेवटच्या तीन महिन्यांतली शिदोरी

३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. जागतिक अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अशी जन्माला आली. त्यांपैकी ३० लाखांहून अधिक एकट्या भारतातली होती. इतर कोणत्याही देशात ही संख्या एवढी मोठी नाही. पूर्वी दीड किलोच्या आतले मूल हाती लागणे कठीण असे. आता जिल्हा रुग्णालयांतही नवजात बालकांसाठी विशेष काळजी कक्ष आहेत आणि एक किलोच्या आसपासची बाळेही जगतात. मूल जगले, की पुढचा प्रश्न येतो तो त्याच्या वाढीचा.

आईच्या पोटात बाळाची हाडे आधी मऊ कुर्चेची असतात. त्यांच्यावर कॅल्शियम आणि फॉस्फेट या दोन क्षारांचे थर चढत जातात, तेव्हा ती टणक होतात. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम आणि सुमारे ८५ टक्के फॉस्फरस हाडांतच असतो. हे क्षार नऊ महिने सारख्या प्रमाणात मिळत नाहीत. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यातला सुमारे चार-पंचमांश भाग शेवटच्या तीन महिन्यांत आलेला असतो.

हे काम वार करते. आईच्या रक्तातले कॅल्शियम ती जणू पंपाने ओढून बाळाकडे पाठवते, इतके की बाळाच्या रक्तातले कॅल्शियम आईपेक्षाही जास्त असते. या काळात वजनाच्या दर किलोमागे रोज १०० ते १३० मिलीग्रॅम कॅल्शियम आणि ६० ते ७५ मिलीग्रॅम फॉस्फरस बाळाच्या शरीरात साठत असतो. गर्भाच्या शरीरात कोणत्या महिन्यात कोणते क्षार किती असतात, याचे मूलभूत मोजमाप विसाव्या शतकाच्या मध्याला ब्रिटनमध्ये एल्सी विडोसन या विदुषींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जनतेच्या पावाच्या पिठात कॅल्शियम घालावे, हा सल्लाही विडोसन आणि त्यांचे सहकारी मॅकॅन्स यांच्याच अभ्यासातून आला होता.

आता २८-२९व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे काय होते, ते पाहा. शिदोरी बांधायला नुकती सुरुवात झाली आणि प्रवासाला निघायची वेळ आली! वारेतून येणारा पुरवठा नाळ कापताच थांबतो. हाडे मात्र लांबीने वाढतच राहतात. सांगाडा वाढतो आणि त्यात भरायला क्षार नाहीत, अशी ही अवस्था असते.

"सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही" ही समजूत आपल्याकडे अजून टिकून आहे. तिला कसलाही आधार नाही. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फुप्फुसांना, मेंदूला आणि हाडांनाही लाभतो. आठव्या महिन्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा नेहमीच अधिक तयारीने आलेले असते.

पहिल्या दोन दिवसांची परीक्षा

जन्मानंतरच्या २४ ते ४८ तासांत प्रत्येक बाळाच्या रक्तातले कॅल्शियम थोडे खाली येते. गळ्यातल्या परावटू ग्रंथी जाग्या होऊन ते पुन्हा सावरतात. पूर्ण दिवसांच्या बाळाला याचा पत्ताही लागत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या ग्रंथी मात्र तेवढ्या चपळ नसतात. आईला मधुमेह असेल किंवा जन्मतांना बाळ गुदमरले असेल, तर धोका आणखी वाढतो. कॅल्शियम फार उतरले की हातपाय थरथरतात, कधी झटके येतात, कधी श्वास मध्येच थांबतो. पुष्कळदा काहीच लक्षण दिसत नाही. म्हणून डॉक्टर या दिवसांत वारंवार रक्त तपासतात. टाचेला सुई टोचलेली पाहून आईचा जीव कळवळतो, पण त्या थेंबभर रक्तावर बराच निर्णय अवलंबून असतो. गरज पडल्यास शिरेतून कॅल्शियम दिले जाते. तेही अगदी सावकाश, हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवून. शिरेबाहेर ते झिरपले तर कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून परिचारिका ती जागा पुन:पुन्हा पाहत असते.

फार लहान बाळांना सुरुवातीचे काही दिवस दूध पचत नाही. त्यांचे सारे पोषण शिरेतून जाते. इथे एक अडचण असते. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकाच बाटलीत जास्त प्रमाणात मिसळले, तर त्यांचा चुन्यासारखा साका तयार होतो आणि तो शिरेत जाणे जिवावरचे असते. त्यामुळे दोन्ही क्षार बेताबेताने द्यावे लागतात. फॉस्फेटचे काही नवे सेंद्रिय क्षार असा साका सहज होऊ देत नाहीत, त्यामुळे हे काम पुष्कळ सोपे झाले आहे. तरीही बाळ जितक्या लवकर दुधावर येईल, तितके त्याच्या हाडांच्या हिताचे असते.

आईचे दूध हवेच, पण तेवढे पुरत नाही

इथे अनेक आया गोंधळतात. आईचे दूध हे सर्वोत्तम अन्न, असे सगळे सांगतात. मग डॉक्टर त्यात पावडर मिसळायला का सांगतात? आपल्याच दुधात काही खोट आहे की काय?

खोट मुळीच नाही. आईचे दूध पूर्ण दिवसांच्या बाळासाठी घडलेले आहे. ते बाळ आपल्या हाडांची शिदोरी बांधून आलेले असते, त्याला रोज थोडीच भर लागते. आईच्या १०० मिलीलीटर दुधात साधारण २५ ते ३० मिलीग्रॅम कॅल्शियम आणि १४ मिलीग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो. एक किलो वजनाचे बाळ दिवसाला १८० मिलीलीटर दूध प्याले, तर त्याला सुमारे ५० मिलीग्रॅम कॅल्शियम आणि २५ मिलीग्रॅम फॉस्फरस मिळतो. त्यातलेही सगळे आतड्यातून शोषले जात नाही. पोटात असते तर याच बाळाच्या अंगात रोज १०० मिलीग्रॅमहून अधिक कॅल्शियम साठले असते. म्हणजे पोटभर दूध पिऊनही हाडांच्या वाट्याला निम्म्याहून कमीच येते.

म्हणूनच तज्ज्ञांच्या शिफारशींनुसार अशा बाळाला दर किलोमागे रोज किमान १२० मिलीग्रॅम कॅल्शियम आणि ७० मिलीग्रॅमच्या आसपास किंवा अधिक फॉस्फरस तोंडावाटे मिळायला हवा. दूध दुप्पट पाजून ही तूट भरून निघणार नाही, कारण एवढे दूध त्या इवल्या पोटात मावत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे आईच्या दुधाला पुष्टी देणारी पावडर. यात क्षारांबरोबर प्रथिने आणि जीवनसत्त्वेही असतात. मुख्यत: ३२ आठवड्यांआधी किंवा दीड किलोच्या आत जन्मलेल्या बाळांना, ते ठरावीक प्रमाणात दूध पचवू लागले की, डॉक्टर ती सुरू करतात. ही पावडर आईच्या काढलेल्या दुधातच, पाकिटावर दिलेल्या मापानेच मिसळायची असते. ती पाण्यात कालवायची नाही, अंदाजाने चिमूटभर जास्त टाकायची नाही आणि डॉक्टरांनी सांगितल्यावाचून तर वापरायचीच नाही.

"मग गाईचे दूध द्यावे, त्यात कॅल्शियम भरपूर असते," असाही सल्ला मिळतो. गाईच्या दुधात कॅल्शियम आईच्या दुधाच्या चौपट असते, हे खरे. पण त्यात फॉस्फरस सहापटीहून अधिक असतो. तो जादा फॉस्फेट बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही. रक्तात फॉस्फेट साठते, कॅल्शियम खाली येते आणि बाळाला झटके येऊ शकतात. निसर्गाने वासरासाठी केलेला तो हिशेब आहे. सोयाबीनचे दूधही अपुऱ्या दिवसांच्या बाळाला चालत नाही, कारण त्यातले काही घटक फॉस्फरस शोषू देत नाहीत.

आईला दूध येत नसेल, तर दुग्धपेढीतले दूध हा उत्तम पर्याय आहे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातली ती पहिली. इतर मातांनी दिलेले दूध तिथे तपासून, ६२.५ अंश सेल्सियसवर अर्धा तास तापवून वापरले जाते. आज देशातल्या अनेक शहरांत अशा पेढ्या आहेत. मात्र या दुधातही फार लहान बाळासाठी क्षारांची भर घालावी लागतेच.

मुके दुखणे

क्षारांची ही तूट भरली नाही, तर हाडे विरळ होत जातात. याला अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा मुडदूस म्हणता येईल. पण नेहमीच्या मुडदुसाहून तो वेगळा आहे. मोठ्या मुलांचा मुडदूस बहुधा ड जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. या बाळांत मुख्य कमतरता असते ती फॉस्फेटची आणि कॅल्शियमची. नुसत्या ड जीवनसत्त्वाने ती भरून निघत नाही, कारण गवंडी कितीही आणले तरी विटाच नसतील तर भिंत उभी राहणार कशी?

हे दुखणे बहुधा जन्मानंतर ६ ते १२ आठवड्यांत उघड होते, म्हणजे नेमके बाळ घरी येण्याच्या सुमारास. एक किलोच्या आतली आणि २८ आठवड्यांआधीची बाळे, महिनाभर शिरेतून पोषण घ्यावे लागलेली बाळे, यकृताचा त्रास झालेली बाळे यांना धोका अधिक असतो. फुप्फुसांसाठी दिलेली काही औषधे, म्हणजे लघवी वाढवणारी किंवा स्टेरॉइड्स, हीसुद्धा हाडांतले क्षार कमी करतात. जीव वाचवण्यासाठी ती द्यावीच लागतात, म्हणून हाडांची काळजी आणखी डोळ्यांत तेल घालून घ्यावी लागते.

बाहेरून बाळ छान दिसते. वजन वाढते, गालही भरतात. आत मात्र हाड पातळ होत असते. कधी बाळाला उचलताच ते कळवळून रडते, एखादा हात किंवा पाय हलवत नाही, तिथे सूज दिसते आणि मग एक्स-रेत लहानसे अस्थिभंग आढळतात. हाडांतले २० ते ४० टक्के क्षार कमी होईपर्यंत साध्या एक्स-रेत काही दिसत नाही. म्हणून डॉक्टर एक्स-रेची वाट न पाहता रक्त तपासतात.

या तपासणीचा अर्थ आईवडिलांनी समजून घ्यावा. कागदावर "कॅल्शियम: नॉर्मल" दिसले की घरचे नि:श्वास टाकतात. पण हृदय आणि स्नायू चालण्यासाठी रक्तातले कॅल्शियम शरीर काहीही करून टिकवते, वेळ पडल्यास हाडांतून काढून टिकवते. बँकेतली ठेव मोडून घरखर्च चालवावा, तसे. खिशात पैसे दिसतात, ठेव मात्र आटत जाते. त्यामुळे पाहायच्या असतात त्या दुसऱ्या दोन गोष्टी. एक म्हणजे फॉस्फरस. तो १०० मिलीलीटर रक्तात ४ मिलीग्रॅमच्या खाली सतत राहत असेल, तर ती धोक्याची सूचना. दुसरी म्हणजे अल्कलाइन फॉस्फेटेज. ही हाडांची उलाढाल वाढली की चढते. ती ८०० ते १००० युनिटच्या पुढे गेली, तर मुडदुसासाठी एक्स-रे काढून पाहतात. गरज वाटल्यास डॉक्टर परावटू ग्रंथींच्या संप्रेरकाची आणि लघवीचीही तपासणी करतात. त्यावरून कॅल्शियम कमी पडते आहे की फॉस्फेट, हे कळते.

बाटलीवरचा मजकूर

आता पुन्हा त्या घरात जाऊ. त्या दिवशी मालीश झाले नाही. सुनेने कागद पुढे केला, मुलगाही आईला दोन शब्द बोलला, आणि मावशी चहा घेऊन परतल्या. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. ड जीवनसत्त्वाचे थेंब आणि औषध वेळच्या वेळी सुरू होते. बाळ दूध पीत होते. वजन दोन किलोंवर गेले. सारे कसे सुरळीत चालले होते.

तीन आठवड्यांनी रक्ततपासणी झाली. कॅल्शियम ठीक होते. फॉस्फरस मात्र ३.४ वर उतरला होता आणि अल्कलाइन फॉस्फेटेज ९०० च्या पुढे गेले होते. डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. "औषध रोज देता ना?" त्यांनी विचारले.

"एक दिवसही चुकवलं नाही, डॉक्टर," बाळाची आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"बाटली आणली आहे?"

पिशवीतून बाटली निघाली. डॉक्टरांनी मागचा बारीक मजकूर वाचला आणि सगळा उलगडा झाला. त्यांनी लिहिलेले औषध दुकानात नव्हते. "हेही कॅल्शियमच आहे, चालेल," असे म्हणून दुकानदाराने दुसरी बाटली दिली होती. तिच्यात कॅल्शियम होते, ड जीवनसत्त्व होते, फॉस्फेट मात्र औषधालाही नव्हते!

हा फरक किरकोळ नाही. हाड बनण्यासाठी दोन्ही क्षार एकत्र लागतात, साधारणपणे फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम या प्रमाणात. फॉस्फेट नसताना नुसते कॅल्शियम दिले, तर ते हाडात बसत नाही. ते लघवीवाटे वाहून जाते आणि मूत्रपिंडात साठून तिथे खडे होण्याचाही धोका असतो. शिवाय दुधातला जो थोडा फॉस्फेट असतो, त्यालाही ते आतड्यातच बांधून ठेवते. बाजारातल्या अनेक कॅल्शियमच्या बाटल्यांत नुसते कॅल्शियम कार्बोनेट असते. मोठ्यांसाठी ते ठीक, पण या बाळांसाठी नाही. उलट कोणी हौसेने नुसतेच फॉस्फेट जास्त दिले, तर कॅल्शियम खाली जाते. म्हणून प्रमाण ठरवण्याचे काम डॉक्टरांचेच.

बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला. हाडे थोडी विरळ दिसत होती, पण मोडलेले काहीही नव्हते. औषध बदलले, मात्रा ठरवून दिली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावले.

चुन्याची निवळी, कोवळे ऊन आणि डिंकाचे लाडू

घरी आल्यावर सासूबाईंनी आपला उपाय सुचवला, "पूर्वी चुन्याची निवळी देत असत. त्यातही कॅल्शियमच ना?" निवळीत कॅल्शियम असते, हे खरे. पण फॉस्फेट नसते, आणि ते पाणी दाहक असते. शिवाय त्यात कॅल्शियम किती उतरले, हे कुणालाच सांगता येत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या नाजूक आतड्याला ती मुळीच देऊ नये. बाळगुटी, मध, साखरपाणी यांनाही तोच नियम लागू. दूध आणि डॉक्टरांनी लिहिलेली औषधे, एवढाच त्या बाळाचा आहार.

सकाळचे कोवळे ऊन अंगाला लागावे, यात गैर काही नाही. पण त्यावर विसंबून थेंब बंद करू नयेत. एवढ्या लहान बाळाला उघडे ठेवले तर ते चटकन थंड पडते आणि उन्हातून ड जीवनसत्त्व किती मिळाले याचा हिशेब लागत नाही. आपल्याकडे साधारणपणे रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व देतात आणि ते वर्षभर चालू ठेवतात. काही बाळांना डॉक्टर अधिक मात्रा देतात. थेंबांच्या निरनिराळ्या बाटल्यांत औषधाची तीव्रता वेगवेगळी असते, म्हणून किती मिलीलीटर द्यायचे हे दर वेळी नवी बाटली पाहून विचारून घ्यावे.

आईने डिंकाचे आणि अळिवाचे लाडू खाल्ले, तर दुधातले कॅल्शियम वाढेल का? फारसे नाही. आईच्या आहारात कॅल्शियम कमी असले तरी शरीर आपल्या हाडांतून काढून दुधातले प्रमाण राखते. म्हणजे आई नीट जेवली नाही तर झीज तिची होते. लाडू, दूध, नाचणी, तीळ हे सारे आईने खावे, पण ते तिच्या स्वत:च्या हाडांसाठी. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत रोज १ ग्रॅम कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्यात, असे आपल्या सरकारचे धोरण आहे. सरकारी दवाखान्यांतून मिळणाऱ्या या गोळ्या अनेक घरांत कपाटातच पडून राहतात. तसे होऊ देऊ नये.

हात कसा लावावा?

आता मालीशचा प्रश्न. अशा बाळाची हाडे भरून येईपर्यंत रगडणे, हातपाय ओढणे, उलटेसुलटे करणे, डोके दाबून गोल करणे हे सारे टाळावे. बरगडीचे किंवा मांडीचे हाड अशा वेळी सहज दुखावते. लंगोट बदलताना दोन्ही घोटे धरून कंबर वर उचलण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. त्याऐवजी एक हात बाळाच्या ढुंगणाखाली घालून अलगद उचलावे किंवा बाळाला कुशीवर वळवावे. काखेत धरून उचलू नये. मान आणि पाठ नेहमी तळहातावर असावी. अंगडे घालताना बाळाचा हात ओढू नये, आधी आपला हात बाहीतून घालून त्याचा हात हळूच बाहेर घ्यावा.

याचा अर्थ बाळाला हातच लावू नये असा नाही. हाडाला हालचाल हवी असते. पोटात बाळ लाथा मारते, तेव्हा त्याची हाडे बळकट होत असतात. पेटीत निपचित पडून राहणाऱ्या बाळाला ते मिळत नाही. अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे हातपाय रोज काही मिनिटे अतिशय हळुवारपणे हलवले गेले, तेव्हा त्यांच्या हाडांत क्षार अधिक साठल्याचे दिसले. मात्र असे व्यायाम प्रशिक्षित परिचारिकेकडून किंवा डॉक्टरांकडून शिकूनच करावेत.

आणि स्पर्शाचा सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरणे. कांगारू पद्धतीने घेतलेली ही काळजी कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास सुरू झाली आणि आज जगभर मान्य झाली आहे. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जन्मल्याबरोबर हा उपाय सुरू केलेल्या कमी वजनाच्या बाळांतले मृत्यू एक-चतुर्थांशाने कमी झाले. यामुळे बाळ उबदार राहते आणि आईला दूध चांगले येते. दूध लवकर सुरू झाले, की शिरेतले पोषण लवकर थांबते. त्याचा फायदा शेवटी हाडांनाच. हे काम आईच नव्हे, तर बाप, आजी, मावशी कोणीही करू शकते.

डॉक्टरांना आवर्जून विचारावे

बाळाला घरी आणताना काही प्रश्न कागदावर लिहूनच न्यावेत. दुधातली पावडर घरीही चालू ठेवायची का आणि कधीपर्यंत? औषधात कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही आहेत ना? लिहून दिलेले औषध मिळाले नाही, तर पर्याय कोणता? लोह कधी सुरू करायचे? पुढची रक्ततपासणी केव्हा, आणि तीत फॉस्फरस व अल्कलाइन फॉस्फेटेज आहेत ना? प्रत्येक वेळी औषधाची बाटली आणि जुने कागद बरोबर ठेवावेत. घरी भेट देणाऱ्या आशाताईंनाही बाळ अपुऱ्या दिवसांचे असल्याचे आणि चालू औषधांचे सांगावे.

बाळ थरथरले, झटका आला, दूध पिणे कमी झाले, उचलताच कळवळून रडू लागले, एखादा हात वा पाय हलवेनासे झाले, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

वरचे अन्न कधी सुरू करायचे, हे जन्मतारखेवरून नव्हे, तर बाळ जन्मायला हवे होते ती तारीख धरून डॉक्टर ठरवतात. तेव्हा मात्र आपल्या स्वयंपाकघरातले नाचणीचे सत्त्व कामाला येते. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलीग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. आजीबाईंचा तो उपाय अगदी खरा, फक्त तो वेळेवर यायला हवा.

दिलासा देणारी गोष्ट ही, की वेळीच लक्ष दिले तर बहुतेक बाळांची ही हाडे पहिल्या एक-दोन वर्षांत भरून येतात. मोडलेले बारीक हाडही या वयात चांगले जुळते.

त्या घरातल्या नातीचा फॉस्फरस सहा आठवड्यांत ठीक झाला, अल्कलाइन फॉस्फेटेजही उतरले. डॉक्टरांनी कागदावर "प्रगती समाधानकारक" असे लिहिले. त्या संध्याकाळी सून स्वयंपाकाला लागली, तेव्हा सासूबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. पातळाच्या पदराआड, छातीशी, नात शांत झोपली होती.

मालीशवाल्या मावशी दारातून डोकावल्या. "काय हो, कधीपासून येऊ?"

"अजून थोडे दिवस थांब," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "डॉक्टर सांगतील तेव्हा बोलावते. आणि येशील ना, तेव्हा हात हलका ठेव बरं!"